जहाजावरील मुलूख आणि मुदपाकखाने

सहलीच्या मोठ्या जहाजावर आज जो प्रवासी पाऊल ठेवतो, त्याला भाड्यातच समाविष्ट असलेल्या प्रशस्त भोजनशाळेखेरीज आणखी पाच-सहा, क्वचित दहा-बारा लहान भोजनगृहे आढळतात आणि त्यांपैकी बहुतेकांच्या दारावर कोणत्या ना कोणत्या मुलखाची निशाणी असते: कोठे टस्कनी, कोठे जपान, कोठे मेक्सिको, कोठे पॅरिसमधील एखादी गल्ली, आणि अलीकडे काही जहाजांवर हिंदुस्थानही. येथे बसावयाचे तर बहुधा वेगळी आकारणी द्यावी लागते आणि मेज आगाऊ राखून ठेवावे लागते. भिंतींवर त्या मुलखाची चित्रे असतात, वाढप्यांचा पोशाख तिकडचा असतो, मंद वाद्यसंगीतही तिकडचेच चालू असते. आणि तरीही जेवून उठलेल्या पुष्कळ प्रवाशांच्या मनात एक शंका उरते, ती ही की जे आपण खाल्ले ते खरोखर त्या मुलखाचे होते काय. या शंकेचे उत्तर स्वयंपाक्याच्या कौशल्यात शोधण्याची आपली सवय आहे. परंतु ते बऱ्याच अंशी जहाजाच्या रचनेत, त्याच्या कोठारात आणि त्याला लागू असलेल्या कायदेकानूंत दडलेले असते, आणि हा सारा बंदोबस्त एकदा नीट समजून घेतला म्हणजे कोणत्या भोजनगृहात बसावे व कोणते टाळावे, हे प्रवाशाला जहाजावर चढण्यापूर्वीच ठरविता येते.

प्रथम अग्नीचा विचार करू. भर समुद्रात आगीइतके भयंकर संकट दुसरे नाही, कारण तेथून पळून जाण्यास जागा नसते आणि मदत येण्यास वेळ लागतो. टायटॅनिक बुडाल्यानंतर १९१४ साली ज्याचा पहिला मसुदा झाला आणि ज्याची १९७४ सालची आवृत्ती वेळोवेळीच्या दुरुस्त्यांसह आजही अमलात आहे, त्या ‘सोलास’ नामक आंतरराष्ट्रीय करारात जहाजावरील अग्निरक्षणाचे नियम अत्यंत काटेकोरपणे घातलेले आहेत. तळणाच्या प्रत्येक मोठ्या कढईला अग्निशामक यंत्रणा असावी, इथपर्यंत त्यांची दृष्टी पोहोचलेली आहे. या दक्षतेचा परिणाम असा की आधुनिक प्रवासी जहाजाच्या मुदपाकखान्यात सहसा उघडी ज्योत नसते. तेथे विजेच्या शेगड्या असतात, विजेच्या भट्ट्या असतात आणि वाफेवर चालणारी मोठमोठी भांडी असतात. आता ज्या मुलखांची पाकविद्या ज्योतीवर, निखाऱ्यावर किंवा धुरावर आधारलेली आहे, त्यांची येथे किती कुचंबणा होत असेल, याची कल्पना करावी. कॅन्टनच्या बल्लवाच्या कढईभोवती जी ज्वाळा खेळते आणि भाजीला जो किंचित करपट, धुरकट सुगंध देते, ती येथे नाही. नेपल्सची लाकडावर धगधगणारी भट्टी नाही. कोळशाचा तंदूर नाही. विजेचा आहे, आणि त्यात नान फुगते खरे, पण निखाऱ्यावर मांसाचा रस ठिबकून जो वास उठतो तो उठत नाही. मेक्सिकोतील ओआहाका प्रांतात मिरच्या, टोमॅटो आणि कांदे तव्यावर व विस्तवात काळे होईपर्यंत भाजून जे वाटण करतात, त्याचेही अर्धेच कार्य येथे साधते.

उलटपक्षी ज्या पाकक्रिया उकळणे, वाफवणे, शेकणे आणि मंद शिजविणे यांवर चालतात, त्यांना विजेची शेगडी फार मानवते. इटालियन भोजनगृह जवळजवळ प्रत्येक जहाजावर का असते, याचे एक कारण प्रवाशांची आवड हे आहेच. पण दुसरे आणि तितकेच बलवत्तर कारण असे की उकळत्या पाण्यात शेवया शिजविणे, तासन् तास मंदाग्नीवर रस्सा आटविणे आणि बंद भट्टीत थर लावून भाजणे या तिन्ही क्रिया जहाजावर जमिनीइतक्याच उत्तम होतात. शिवाय त्या देशाच्या पाकविद्येचा पाया असलेले जिन्नस मुळातच टिकाऊ आहेत. वाळवलेला पास्ता, ऑलिव्हचे तेल, डब्यातील टोमॅटो, दोन-दोन वर्षे मुरविलेले पार्मेझान चीज आणि खारवून वाळवलेले मांस ही सर्व सामग्री कोठारात आठवडाभर राहिली तरी तिचे काही बिघडत नाही.

जपानच्या ‘तेप्पान्याकी’ पद्धतीचे उदाहरण याहून बोधप्रद आहे. नालेच्या आकाराच्या मेजाच्या मध्यभागी पोलादाचा जाड, सपाट तवा बसविलेला असतो आणि त्याच्या तीन बाजूंनी पाहुणे बसतात. आचारी तव्यावर तेलाची बारीक धार सोडतो, लसणाच्या पातळ चकत्या तीत सोनेरी होईपर्यंत हलवून कडेला, जेथे तवा कमी तापलेला असतो तेथे सारतो, आणि मग मध्यभागी मांसाचा तुकडा ठेवून तो शेकत असताना दुसऱ्या बाजूला कोबी, कांदा आणि मोडाची भाजी परततो. त्याच्या हातांतील दोन्ही उलथनी सारखी चालू असतात आणि प्रत्येक जिन्नस तव्यावरच्या आपापल्या उष्णतेच्या पट्ट्यात सरकत असतो. या साऱ्या विधीला ज्योत मुळी लागतच नाही; लागते ते सम उष्णतेचे पोलाद, आणि ते विजेवर फार चांगले तापते. ही पद्धत प्राचीनही नव्हे. १९४५ साली कोबे शहरातील मिसोनो या उपाहारगृहाने ती सुरू केली असे मानतात, आणि महायुद्धोत्तर काळात अमेरिकी सैनिकांच्या आश्रयाने ती फोफावली. म्हणून एखाद्या जाणकाराने ती जपानी परंपरेची प्रतिनिधी मानू नये हे ठीक. पण जहाजावर ती जशी असावयास हवी तशीच मिळते, ही गोष्ट माझ्या मते अधिक महत्त्वाची आहे.

सुशीची कथाही अशीच. समुद्रातून जाणाऱ्या जहाजावर कच्ची मासळी ताजी असेल अशी भोळ्या प्रवाशाची समजूत असते आणि ती गोठवलेली असते हे कळल्यावर त्याचा विरस होतो. परंतु कच्च्या खावयाच्या बहुतेक माशांतील परोपजीवी कृमी मरावेत म्हणून ते उणे २० अंश सेल्सिअसला सात दिवस, अथवा उणे ३५ अंशांना गोठवून पंधरा तास ठेवावेत, असा अमेरिकेचा अन्ननियमच आहे; म्हणजे या बाबतीत न्यूयॉर्कमधील उपाहारगृह आणि कॅरिबियन समुद्रातील जहाज यांची स्थिती सारखीच असते, आणि जहाजावरील सुशी केवळ गोठवलेल्या मासळीची आहे म्हणून तिला कमी लेखण्याचे कारण उरत नाही.

अग्नीनंतर कोठार. मायामीहून सुटणारे जहाज सात दिवसांनी मायामीस परतते आणि त्याच दिवशी, जुने प्रवासी उतरून नवे चढेपर्यंतच्या काही तासांत, पुढील संपूर्ण आठवड्याचा शिधा धक्क्यावर उभ्या असलेल्या मालमोटारींतून त्याच्या पोटात भरला जातो. मांस, मासळी, दूधदुभते आणि भाजीपाला यांच्या शीतकोठ्या निरनिराळ्या असतात, गोठलेले जिन्नस सावकाश सैल करण्याची खोली वेगळी असते, आणि प्रत्येक खोक्यावर तारीख असते. हे जहाज चौथ्या दिवशी मेक्सिकोच्या कोसुमेल बेटावर थांबले आणि त्या रात्री प्रवासी मोठ्या हौसेने जहाजावरील मेक्सिकन भोजनगृहात जाऊन बसला, तर त्याच्या पुढ्यात येणारा टोमॅटो, मिरची आणि कोथिंबीर बहुधा फ्लोरिडाच्या गुदामातून आलेली असतात. ज्या मुलखाचे जेवण तो जेवत आहे तो मुलूख संध्याकाळपर्यंत त्याच्या जहाजाला टेकलेला होता, पण तेथील बाजारातून एक पेंडीही वर चढलेली नसते.

यात जहाजवाल्यांचा आळस आहे असे कोणी समजू नये. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्यखात्याने १९७५ साली जहाजांच्या स्वच्छतेची एक योजना सुरू केली, आणि परदेशातून अमेरिकी बंदरांत येणाऱ्या, तेरा किंवा अधिक प्रवासी वाहणाऱ्या सहलीच्या जहाजांची तिच्याखाली पूर्वसूचना न देता तपासणी होते. शंभरांपैकी शहाऐंशी गुण मिळाले तर जहाज उत्तीर्ण, पंचाऐंशी मिळाले तर अनुत्तीर्ण, आणि निकाल जाहीर होतो. थंड पदार्थ ५ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ नयेत, गरम पदार्थ ५७ अंशांच्या खाली येऊ नयेत, असे मोजमाप तेथे चालते. अशा जहाजाचा मुख्य आचारी बंदरावरच्या मासेवालीकडून टोपलीभर सुरेख मासळी घेऊन आला, तर ती कोणी, कोठे पकडली, किती वेळ कोणत्या तापमानात राहिली याचे दप्तर त्याला दाखविता आले पाहिजे. आणि ते दप्तर त्या बिचारीपाशी कोठून असणार? ज्या नियमांनी हजारो माणसांचे पोट समुद्रात सुरक्षित ठेवले आहे, त्याच नियमांनी जहाजाचे स्वयंपाकघर किनाऱ्यापासून अलग केले आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि मी त्या नियमांच्या बाजूचा आहे.

मुलखांची ही चवदार मांडणी जहाजांवर आली कशी, याचा इतिहास दोन अगदी भिन्न प्रवाहांचा आहे. पहिला प्रवाह धनिकांचा. १९०५ साली हांबुर्ग-अमेरिका कंपनीच्या ‘अमेरिका’ या जहाजावर विख्यात हॉटेलचालक सेझार रिट्झ यांच्या लौकिकाचे, जादा पैसे देऊन मनाजोगते पदार्थ मागविण्याचे उपाहारगृह उघडण्यात आले. कंपनीचे चालक आल्बर्ट बालिन यांना लंडनमधील रिट्झ यांच्या व्यवस्थेने मोहिनी घातली होती. टायटॅनिकवरही असेच एक फ्रेंच वळणाचे उपाहारगृह होते आणि ते लुईजी गाती हे इटालियन गृहस्थ मक्त्याने चालवीत. १४ एप्रिल १९१२ च्या, म्हणजे अपघाताच्या, रात्री जहाजाचा कप्तान याच उपाहारगृहात मेजवानीस बसला होता. गाती यांची माणसे जहाजकंपनीची नोकर नव्हती, ती त्यांची स्वतःची होती, बहुतेक इटालियन व फ्रेंच. त्यांपैकी दोन स्त्री-रोखपाल आणि एक पुरुष एवढी तिघेच वाचली. स्वतः गातीही गेले.

दुसरा प्रवाह श्रमिकांचा, आणि तो आपल्या किनाऱ्यावरून निघाला. १८४० ची सनद मिळवून पूर्वेकडील टपाल वाहणाऱ्या पी. अँड ओ. कंपनीच्या आगबोटींवर खलाशी हिंदी असत. डेकवर सारंग आणि टंडेल यांच्या हुकमतीखाली काठेवाड-कोकणच्या किनाऱ्यावरची माणसे, इंजिनखान्यात प्रामुख्याने पंजाबकडचे व सरहद्दीवरचे मुसलमान, आणि प्रवाशांच्या भोजनशाळेत व मुदपाकखान्यात गोमंतकीय ख्रिस्ती, अशी ही वाटणी वर्षानुवर्षे चालत आली. गोमंतकीयांची निवड होण्याचे कारण उघड होते: गोमांस किंवा डुकराचे मांस यांपैकी कशाचाच विटाळ त्यांना नव्हता, आणि पोर्तुगीज अमदानीत युरोपीय खाण्याची रीत त्यांच्या घरोघर पोहोचलेली होती. खलाशांचा स्वतःचा स्वयंपाक वेगळा. तो करणाऱ्या माणसास भंडारी म्हणत आणि डाळ, भात, सुकी मासळी यांवर तो संपूर्ण ताफा पोशी. प्रवाशांच्या मेजावर मात्र फ्रेंच नावांच्या पदार्थांच्या पंक्तीत करी-भात मामुलाप्रमाणे हजर असे. निवृत्त होऊन विलायतेस परतणारा साहेब त्या करीचा चाहता असे, आणि ती रांधणारा हात गोव्यातील साष्टीचा अथवा बारदेशचा असे.

हे तारवटी एका सफरीचा करार संपला की मुंबईस उतरत आणि धोबीतलावाच्या आसपासच्या ‘कुडां’मध्ये राहात. कूड म्हणजे गोव्यातील एकेका गावाने आपल्या माणसांसाठी मुंबईत चालविलेले वसतिगृह. तेथे गावचा माणूस अल्प भाड्यात आपली ट्रंक ठेवी, संध्याकाळी सर्वांसमवेत रोझारीची प्रार्थना म्हणे आणि पुढच्या जहाजाची वाट पाही. यांपैकी काही कूड आजही चालू आहेत. जगातल्या सहलीच्या जहाजांवर आज जे हिंदी आचारी आणि वाढपी दिसतात, त्यांत गोव्याच्या आणि मुंबईच्या माणसांचा जो मोठा भरणा आहे, तो या जुन्या वहिवाटीचाच पुढचा टप्पा होय. रिट्झ आणि गाती यांचा उल्लेख जहाजभोजनाच्या प्रत्येक इतिहासात येतो. माझ्या मते मुलखाची चव समुद्रावर टिकवून धरण्याचे श्रेय प्रथम या कुडांतील माणसांना दिले पाहिजे.

या दोन प्रवाहांची गाठ एका जपानी कंपनीने घातली. निप्पोन युसेन काइशा ही कंपनी १८८५ साली स्थापन झाली, आणि १८९३ साली जमशेटजी टाटा यांच्याशी हातमिळवणी करून तिने पी. अँड ओ. च्या मक्तेदारीला आव्हान म्हणून जो मुंबई-कोबे मार्ग सुरू केला, तो तिचा पहिला दूर पल्ल्याचा मार्ग होता. मुंबईचा कापूस या मार्गाने तिकडे जाऊ लागला. याच कंपनीने सुमारे शंभर वर्षांनंतर क्रिस्टल क्रूझेस ही उपकंपनी काढली आणि तिच्या ‘क्रिस्टल हार्मनी’ या १९९० सालच्या जहाजावर मुख्य भोजनशाळेच्या जोडीला दोन स्वतंत्र भोजनगृहे ठेवली: क्योतो हे जपानी व प्रेगो हे इटालियन. तोपर्यंत सहलीच्या जहाजावर एकच मोठी भोजनशाळा, तीत दोन पंगती, आणि प्रत्येकाचे मेज व वेळ पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत नेमलेली, असा शिरस्ता होता. क्रिस्टल हार्मनीनंतर तो शिरस्ता झपाट्याने सैल झाला. १९९८ सालच्या ‘ग्रँड प्रिन्सेस’वर इटालियन भोजनगृहाच्या जोडीस अमेरिकेच्या नैर्ऋत्य प्रांतांच्या धर्तीचे भोजनगृह आले, १९९९ सालच्या ‘व्हॉयेजर ऑफ द सीज’वर पोर्तोफिनो आले, आणि २००० साली नॉर्वेजियन क्रूझ लाइनने नेमलेल्या मेजांची पद्धतच मोडीत काढून ज्याने त्याने हवे तेव्हा हवे तेथे जेवावे असा पायंडा पाडला.

या भोजनगृहांत जे जादा पैसे मोजावयाचे, ते नेमके कशाचे, हेही येथे सांगून टाकतो. २०२४ साली सेवेत आलेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’सारख्या जहाजावर प्रत्येक खोलीत दोघे धरले तरी साडेपाच हजारांहून अधिक प्रवासी असतात, आणि मुख्य भोजनशाळेने एका घटकेत शेकडो ताटे वाढावयाची म्हटल्यावर तिचा स्वयंपाक लग्नसमारंभाच्या धर्तीवरच होणार: पदार्थ आधी सिद्ध करून ठेवावयाचे आणि वेळेवर गरम करून मांडावयाचे. लहान भोजनगृहात माणसे थोडी, त्यामुळे पदार्थ मागितल्यावर शिजतो. आकारणीचा खरा मोबदला हा आहे. इटालियन भोजनगृहातील ताट अधिक रुचकर लागले तर त्याचे कारण टस्कनीत शोधण्यापेक्षा, ते ताट पाच मिनिटांपूर्वी शेगडीवरून उतरले, या साध्या गोष्टीत शोधावे.

मुलूख जहाजावर येऊ शकतो तो कसा, हे पाहावयाचे असेल तर नॉर्वेच्या किनाऱ्याकडे वळले पाहिजे. २ जुलै १८९३ रोजी कप्तान रिकार्ड वित यांची ‘व्हेस्टेरोलेन’ ही आगबोट ट्रॉन्हेम बंदरातून उत्तरेकडील हामरफेस्टकडे निघाली आणि ‘हुर्टिग्रूटेन’ म्हणजे किनाऱ्याची शीघ्र टपालसेवा सुरू झाली. आज हा मार्ग दक्षिणेतील बर्गेनपासून रशियाच्या सीमेलगतच्या किर्केनेसपर्यंत जातो, वाटेत चौतीस बंदरे घेतो, आणि अलीकडे दोन कंपन्या मिळून तो चालवितात. या बोटी सहलीच्या प्रवाशांना नेतात, परंतु त्याचबरोबर शेजारच्या गावी निघालेल्या माणसालाही नेतात, माल नेतात. काही बंदरांत त्या जेमतेम पाव तास थांबतात आणि तेवढ्यात पेट्या चढतात, उतरतात. ज्या बोटीच्या पोटात रोज स्थानिक माल चढतच असतो, तिच्या मुदपाकखान्यासाठी त्यांत आणखी चार पेट्या चढविणे अवघड नसते. शिवाय प्रवासी हजारोंनी नसून शेकड्यांत असतात, त्यामुळे एका गावचा कोळी जेवढे पकडू शकतो तेवढ्यात एका रात्रीची गरज भागते. बोट जसजशी उत्तरेस सरकते तसतसे ताट बदलते. लोफोटेनजवळ कॉड मासा, पुढे व्हेस्टेरोलेनच्या टापूतला ‘चार’ नावाचा मासा, फिनमार्क प्रांतात सामी लोकांच्या कळपांतील रेनडिअरचे मांस, आणि शेवटी किर्केनेसच्या आसपासचा प्रचंड राजखेकडा. सोबतीस दलदलीत उगवणाऱ्या पिवळ्या ‘मुल्टे’ बोरांचा मुरंबा.

यांपैकी कॉडपाशी क्षणभर थांबणे अवश्य आहे. बॅरेंट्स समुद्रातील हा मासा जानेवारी ते एप्रिलच्या दरम्यान अंडी घालण्यासाठी लोफोटेन बेटांच्या पाण्यात येतो. तेथील कोळी तो पकडून, डोके कापून, शेपटीस शेपटी बांधून जोडीजोडीने लाकडी मांडवांवर टांगतात. मीठ मुळीच लावीत नाहीत. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर आपल्याकडे बोंबील वाळत घालतात तसाच हा देखावा असतो, मात्र येथे वाळविण्याचे काम ऊन करीत नाही, गोठणबिंदूच्या आसपास रेंगाळणारी थंडी आणि समुद्रावरचा वारा ही दोघे करतात, आणि मे महिन्यापर्यंत तो मासा लाकडासारखा कठीण होऊन वर्षानुवर्षे टिकण्याजोगा होतो. १४३१ साली पिएत्रो क्वेरिनी नावाचा व्हेनिसचा सरदार क्रीट बेटावरून मद्याची पिंपे घेऊन फ्लँडर्सकडे निघाला असता वादळात भरकटला आणि १४३२ च्या आरंभी त्याचे उरलेले सोबती लोफोटेनच्या टोकाशी असलेल्या रोस्ट बेटांपाशी किनाऱ्याला लागले. तेथील कोळ्यांनी त्यांना घरात ठेवून घेतले, जगविले आणि परत जाताना हा वाळका मासा बरोबर दिला. आज लोफोटेनच्या वाळक्या कॉडचा सर्वांत मोठे गिऱ्हाईक इटली आहे, आणि व्हेनिसमध्ये तो भिजवून, शिजवून, तेलाबरोबर घोटून जो लोण्यासारखा पदार्थ करतात तो त्या शहराचे भूषण मानला जातो. म्हणजे एखाद्या जहाजावरील इटालियन भोजनगृहात तो पदार्थ वाढला गेला, तर त्यातील मासा बहुधा उत्तरध्रुववृत्तापलीकडचा असेल, आणि तरी पदार्थ निर्विवाद व्हेनिसचा असेल.

राजखेकड्याची गोष्ट याहून नवी आहे. तो मूळचा पॅसिफिकचा; सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात तो अतिपूर्वेकडून आणून बॅरेंट्स समुद्रात सोडला आणि तेथून तो चालत चालत नॉर्वेच्या हद्दीत आला. आज किर्केनेसचे नाव त्याच्यावाचून कोणी घेत नाही. मुलखाची चव पिढ्यान् पिढ्यांची असलीच पाहिजे, असा आग्रह धरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. जी वस्तू त्या पाण्यातून आज निघते आणि आज रात्री ताटात येते, तिला प्रादेशिक म्हणण्यास माझी हरकत नाही.

सर्वच जहाजांना नॉर्वेचा कित्ता गिरविता येणार नाही; तरी काहींनी त्या दिशेने पावले टाकली आहेत. सिल्व्हरसी कंपनीच्या, २०२१ साली सेवेत आलेल्या ‘सिल्व्हर मून’वर एक भोजनगृह असे आहे की ज्याची पदार्थांची यादी जहाज ज्या मुलखात असेल त्याप्रमाणे बदलते. पी. अँड ओ. चे नाव पुढे चालविणाऱ्या कंपनीने २०१० च्या ‘अझुरा’ जहाजावर ‘सिंधू’ नावाचे भोजनगृह उघडले आणि त्याची आखणी अतुल कोचर या जमशेदपूरच्या बल्लवाकडे सोपविली. २००१ साली मिशेलिनचा तारा मिळविणाऱ्या पहिल्या दोन हिंदी बल्लवांपैकी ते एक. ज्या कंपनीच्या मेजावर गोमंतकीय आचाऱ्याची करी अनामिकपणे शंभर वर्षे येत राहिली, तिच्या जहाजावर त्याच देशाच्या जेवणासाठी प्रवासी आता आनंदाने जादा पैसे मोजतात. या बदलाचा मला मनापासून संतोष वाटतो.

मग प्रवाशाने करावे काय? बंदरातील मुलखाचे जेवण बंदरातच करावे. दुपारी मेक्सिकोत उतरलेल्या माणसाने तेथेच एखाद्या स्वच्छ, वर्दळीच्या खाणावळीत जेवून घ्यावे आणि रात्री जहाजावर जपानी तव्यापुढे किंवा इटालियन मेजावर बसावे. ज्या भोजनगृहाची कीर्ती धूर आणि निखारे यांवर आहे, त्याच्यावर पहिल्याच रात्री खर्च करू नये. वाढप्याशी बोलावे, आचारी कोणत्या गावचा हे विचारावे. तो गोव्याचा, केरळचा किंवा फिलिपाइन्सचा निघाला आणि भोजनगृह फ्रेंच असले तरी बिचकू नये, उलट त्याच्या घरचे काही मिळेल काय अशी आदल्या दिवशी नम्रपणे विचारणा करावी. खलाशांच्या भोजनगृहात डाळ-भात रोज शिजतच असतो आणि मुख्य भोजनशाळेत पुष्कळ जहाजांवर एखादी हिंदी शाकाहारी भाजी रोज ठेवलेली असते. शाकाहारी आणि जैन प्रवाशांनी मात्र आपली गरज तिकीट काढतानाच लेखी कळवावी, कारण शिधा एकदा भरला की समुद्रात तो वाढत नाही.

शेवटी आपल्या घरचा विषय. २०२१ पासून मुंबईहून सहलीचे जहाज नियमाने सुटू लागले आहे. ते गोव्यास जाते, कोचीस जाते, लक्षद्वीपास जाते, म्हणजे कोकणचा संपूर्ण किनारा त्याच्या डाव्या हातास राहतो. आणि कोकणची पाकविद्या जहाजाच्या मुदपाकखान्यास विलक्षण अनुकूल आहे. आंबोळी आणि घावन यांना तापलेला तवा पुरे, ज्योत लागत नाही. भाकरी विस्तवावर फुलवावी लागते हे खरे, पण ती तव्यावरच फडक्याने दाबून फुलविणाऱ्या बायका आपल्याकडे काही थोड्या नाहीत. आमसुले, तिरफळे, सुके खोबरे, मालवणी मसाला, कुळथाचे पीठ, सोडे आणि सुकट ही सारी कोठारात महिनोन् महिने टिकणारी सामग्री आहे. सुरमई गोठवली तरी आपली चव बरीचशी राखते. ताजा बोंबील राखीत नाही, तेव्हा त्याचा हट्ट सोडावा. अलिबागचा पांढरा कांदा, रत्नागिरीचा हापूस, वेंगुर्ल्याचा काजू आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीचे कोकम यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, म्हणजे माल कोठला याचे जे दप्तर जहाजाचा तपासनीस मागतो, त्याची पहिली पाने लिहून झालेली आहेत. गावोगावच्या बचतगटांतील स्त्रिया मसाले आणि पिठे दळून, तोलून, शिक्के मारून विकू लागल्या आहेत. तेव्हा या किनाऱ्यावरून जहाजे नेणाऱ्या कंपन्यांनी एक लहान भोजनगृह असे उघडावे की ज्याचे ताट रायगडपाशी एक, रत्नागिरीपाशी दुसरे आणि मालवणच्या पाण्यात तिसरे असेल, आणि त्याचा मुदपाकखाना कोकणातल्या व गोव्यातल्या माणसांकडे, त्यांच्या नावानिशी सोपवावा. वाचकांपैकी जे कोणी या जहाजावरून जातील, त्यांनी उतरताना हाती येणाऱ्या अभिप्रायाच्या कागदावर ही मागणी अवश्य लिहावी.